घरघर

आमच्या घरात पहाटे पाचला कोण उठतं, हे सबंध सोसायटीला ठाऊक असे. ही बातमी आमच्या न्हाणीघरातला एक्झॉस्ट फॅन पोचवी. बटण दाबलं की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर! खालच्या मजल्यावरचे काका तर एकदा जिन्यात विचारते झाले, "काय हो, ज्वारीसुद्धा दळून देता की नुसते गहूच?"

वायरमनकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, "साहेब, आवाज आहे म्हणजे ओढतोय!"

माझं भांडण आहे ते या सिद्धान्ताशी. आपल्याकडे तो सर्वमान्य आहे. जो वक्ता ओरडतो तो विद्वान, जो कारकून फायली आपटतो तो कामसू, आणि जो पंखा घरघरतो तो दमदार! अहो, आवाज म्हणजे काम नव्हे. आवाज म्हणजे झिजलेलं बुश, वाकडं पातं, ढिले स्क्रू आणि तो सगळा थरथराट भिंतीला वाटून देणारी चौकट.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पंख्यासाठी एवढा थयथयाट कशाला? सांगतो. आवाज करणारा पंखा माणसं बंद ठेवतात. आम्हीही ठेवला. आधी छताला बुरशी आली, मग रंगाचे पोपडे पडले. तेवढ्यावर निभावलं असतं, तर हा लेख लिहिला नसता.

गेल्या पौषात मावशी राहायला आली होती. थंडी म्हणून तिने न्हाणीघराची खिडकी लावून घेतली. आत गॅसचा गीझर. पंखा अर्थातच बंद. अर्धा तास झाला तरी मावशी बाहेर येईना, हाकेला ओ देईना. शेवटी कडी तोडली. पंख्याची घरघर आम्ही थांबवली होती आणि मावशीलाच घरघर लागायची वेळ आली होती! बाहेरच्या हवेत आणल्यावर तिने डोळे उघडले. पुढचं दवाखान्यात निभावलं. डॉक्टर म्हणाले, "कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही, कळतसुद्धा नाही." आणि मग मला जे बोलले, ते छापण्याजोगं नाही.

गीझर त्याच आठवड्यात बाहेर मोकळ्या बाल्कनीत गेला. पंखा आहे ना, मग असू दे आत, असं कुणी म्हणू नये. बंद खोलीतली हवा पंखा ओढू लागला, तर गीझरचा धूर उलटा आतच येऊ शकतो.

मग नवा पंखा. दुकानदार हॉटेलच्या भटारखान्यात शोभेल असा बारा इंची गळ्यात मारत होता. मी कागद काढला. न्हाणीघर 8 फूट बाय 5, उंची 9. म्हणजे 360 घनफूट. तासाला दहादा हवा बदलायची, तर मिनिटाला 60 घनफूट पुरे. त्याला सहा इंची भरपूर झाला. बॉल-बेअरिंगचा मागितला आणि खोक्यावरचे डेसिबल वाचले. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो, हे किमतीच्या चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही!

बसवताना चौकटीखाली रबर घातलं, पंखा दारासमोरच्या भिंतीत घेतला आणि दाराखाली अर्धा इंच फट ठेवली. हवा बाहेर जायची तर आत यायलाही नको का? आंघोळीनंतर तो वीस मिनिटं चालू ठेवायचा, हा घरचा कायदा.

"चालू आहे का हो हा?" सौ.ने पहिल्याच दिवशी संशय घेतला. मी वर्तमानपत्राचा कपटा जाळीशी धरला. टपकन चिकटला! वायरमन मात्र नाराज होऊन गेला.

परवा मावशी पुन्हा आली. आंघोळ करताना ती मोठ्याने स्तोत्र म्हणते, हे आम्हाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं. सूर बरा नाही. पण तो ऐकू येतोय तोवर आम्ही बाहेर निवांत चहा पितो.