दिव्यांचा ठेका नको, कलावंतांची निवड हवी

१९३६ च्या डिसेंबरात खान्देशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्षपदी जवाहरलाल नेहरू होते आणि गावाबाहेरच्या शिवारात 'टिळकनगर' उभे राहणार होते. ते नगर कोण उभारणार, सजवणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावले. नंदलालांनी आढेवेढे घेतले. आपण चित्रकार, बांधकाम हा आपला प्रांत नव्हे, असे त्यांचे म्हणणे. गांधीजींनी ते मानले नाही, कारण त्याच वर्षी लखनौ अधिवेशनातले नंदलालांनी मांडलेले प्रदर्शन त्यांनी पाहिले होते. साहित्य आजूबाजूला मिळेल तेच वापरायचे आणि हातही गावातल्या कारागिरांचेच, ही अट मात्र पक्की होती. बांबूच्या कमानी आणि मंडप उभे राहिले. प्रदर्शनाच्या उद्घाटनात गांधीजींनी नंदलालांचे नाव घेऊन कौतुक केले.

खान्देशातल्या सार्वजनिक सोहळ्यासाठी कलावंत कसा निवडावा, याचा धडा घरातच आहे तो असा. काम आधी डोळ्यांनी पाहावे, अट सुरुवातीलाच सांगावी आणि मग त्या माणसाला मोकळीक द्यावी.

आज हा धडा आठवायचे कारण म्हणजे रात्रीच्या प्रकाशकलेचे उत्सव. फ्रान्समधल्या लिऑन शहरात १८५२ च्या ८ डिसेंबरला लोकांनी आपापल्या खिडक्यांत दिवे लावले. त्या प्रथेतून पुढे उभा राहिलेला उत्सव पाहायला आता दरवर्षी लाखो लोक जातात. पॅरिसने २००२ पासून रात्रभर जागणारा कला-उत्सव सुरू केला. सिडनीने २००९ मध्ये ऑपेरा हाऊसची शिडे ब्रायन इनो या संगीतकार-कलावंताच्या हाती सोपवली. आपल्याकडे मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९ पासून आणि पणजीतला सेरेंडिपिटी महोत्सव २०१६ पासून रस्ते, चौक आणि जुन्या इमारती कलेसाठी खुल्या करतो आहे. अशा उत्सवांचा मान फक्त किनाऱ्यावरच्या शहरांचा, असे मानायचे कारण नाही. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ सालच्या. आता दोन दशकांहून जास्त वय झालेल्या या महापालिकांनी असा उत्सव करावा, आणि तो नीट करावा.

खान्देशाला रात्र नवी नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारचे रस्ते ओस पडतात आणि शहर दिवे लागल्यावर घराबाहेर येते. श्रावणात कानबाईचा जागर रात्रभर चालतो. कार्तिकात जळगावच्या जुन्या राम मंदिराची वाहने निघतात आणि एकादशीला १८७२ पासून चालत आलेला श्रीरामाचा रथ गावातून फिरतो. त्या रथाजवळ उभे राहून पाहिले, की सार्वजनिक उत्सवात कामाची वाटणी कशी असते ते कळते. पुढे दोरखंड ओढणारी गर्दी, मागे धक्का देणारे आणि चाकांशी वाकून बसलेले मोगरीवाले. उतारावर रथ सुटू नये, वळणावर नेमका वळावा म्हणून लाकडी मोगरी फिरत्या चाकाखाली कोणत्या क्षणी सारायची, हे त्यांनाच माहीत. हात अर्ध्या क्षणाने चुकला तर जिवावर बेतेल. तिथे कोणाची ओळख कामाला येत नाही. वर्षानुवर्षे सगळ्या गावाने ज्याचा हात पाहिला आहे, तोच माणूस चाकाशी बसतो.

वीजही इथलीच. भुसावळजवळच्या दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. आणि जागा? जळगावात महापालिकेची सतरा मजली इमारत आहे, एवढा मोठा उभा पडदा फार थोड्या शहरांच्या नशिबी असतो. धुळ्यात इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळी आखलेल्या सरळ गल्ल्या आहेत, नावांऐवजी आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या. पांझरेचा काठ आहे आणि १९२७ मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आहे. त्याच्या दप्तरांतली मोडी अक्षरे रात्री भिंतीवर उजळली तर शाळकरी पोरेही थांबून पाहतील.

अडचण जागेची नाही, विजेची नाही. अडचण निवडीची आहे.

महापालिकेने उद्या असा उत्सव ठरवला तर नेहमीच्या वाटेने निविदा निघेल. अमुक इतके एलईडी, अमुक मीटर केबल, तमुक क्षमतेचे प्रोजेक्टर. गेल्या तीन वर्षांची उलाढाल दाखवा, बयाणा रक्कम भरा, अशाच कामाचा दाखला जोडा. मग सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होईल आणि शहराला रोषणाई मिळेल. चौकात रंग बदलणाऱ्या कमानी, खांबांना गुंडाळलेल्या माळा, झाडांवर हिरवा झोत. मुंबईने सुशोभीकरणाच्या नावाखाली खांबांना गुंडाळलेल्या अशा माळांवर किती टीका झाली, ते साऱ्या राज्याने पाहिले. रोषणाई करणाऱ्या व्यावसायिकांचा यात काही दोष नाही. लग्नमंडपापासून गणेशोत्सवापर्यंत त्यांच्या हातचे काम उत्तम असते आणि प्रकाशकलेलाही त्यांच्यावाचून गती नाही. पण केबलचा दर विचारून कल्पना हाती येत नाही. निविदेचा कागद जे विचारतो, तेच त्याला मिळते.

या अटी चाळीसगावच्या केकी मूस यांना लावून पाहाव्यात. १९१२ मध्ये जन्मलेला हा पारशी कलावंत इंग्लंडात शिकून आला आणि चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात आयुष्यभर जवळजवळ कोंडून घेऊन राहिला. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, त्यांच्यावर हवा तसा, हवा तिथूनच उजेड पाडायचा आणि छायाचित्रात संपूर्ण निसर्गदृश्य उभे करायचे, ही त्यांची टेबलटॉप छायाचित्रणाची किमया. जगभरच्या प्रदर्शनांत त्यांना पारितोषिके मिळाली. १९८९ च्या ३१ डिसेंबरला ते गेले, आज त्यांच्या घराचे संग्रहालय झाले आहे. उजेडाशी आयुष्यभर खेळलेला याच्याहून मोठा कलावंत खान्देशात झाला नसेल. तीन वर्षांच्या उलाढालीच्या रकान्यात त्यांनी काय लिहिले असते? पहिल्याच छाननीत अर्ज बाद झाला असता.

बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचताच येत नव्हते. आसोद्याला जन्मलेल्या या बाईच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी उतरवून घेतल्या. तिच्या मृत्यूनंतर आचार्य अत्र्यांच्या नजरेला ते बाड पडले आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. ज्या विद्यापीठाला आज तिचे नाव आहे, त्याच्या आवारात भरणाऱ्या अर्जातही इंग्रजीत 'संकल्पना टिपण' मागितले जाईल का? प्रकाश-उत्सवाचा अर्ज मराठीत असावा. अहिराणीत, तावडीत, लेवा बोलीत, सातपुड्यातल्या पावरीत तोंडी सांगितलेली कल्पना मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून पाठवली तरी ती चालावी. सोंगाड्याला, वहीगायनाच्या मंडळींना, रथ सजवणाऱ्यांना, खिरोद्याच्या सप्तपुट ललित कला भवनात शिकणाऱ्या मुलामुलींना दार उघडे असल्याचे पहिल्या ओळीतच दिसले पाहिजे. इंग्लंडमधल्या डरहॅम शहराच्या लुमिएर उत्सवाने हेच केले. तिथे 'ब्रिलियंट' नावाच्या योजनेत व्यवसायाने कलावंत नसलेल्या माणसांकडूनही कल्पना मागवल्या आणि निवडलेल्या कल्पना तंत्रज्ञांच्या मदतीने उभ्या करून दिल्या. जळगाव हे पाइपचे आणि ठिबकच्या नळ्यांचे गाव. त्या नळ्यांतून उजेड कसा वाहील, हे कारखान्यात पाळी करणाऱ्या एखाद्या कामगाराला बाहेरच्या नामवंतापेक्षा आधी सुचू शकते.

नियम आडवे येतात, असे अधिकारी सांगतील. पण नियमांतच वाट आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये खरेदीविषयक सूचना काढल्या. त्यांत सल्लासेवांसाठी ठरावीक रकमेवर निवड करण्याची पद्धत आहे. रक्कम आधीच जाहीर करायची आणि त्या रकमेत कोणाचे काम सर्वांत गुणवत्तेचे, एवढेच पाहायचे. या सूचना महापालिकेला थेट लागू नसल्या, तरी तसा ठराव करायला महासभेला कोणी अडवलेले नाही. कलावंताचे मानधन, साहित्याचा खर्च आणि उभारणीचा खर्च असे तीन आकडे जाहिरातीतच छापले, की दराची चढाओढ संपते आणि कामाची सुरू होते. निवड दोन फेऱ्यांत व्हावी आणि दुसऱ्या फेरीत आलेल्या प्रत्येकाला आराखड्यासाठी थोडे का होईना, पैसे द्यावेत. फुकटात आराखडे मागवले, की गरीब घरची पोरे आपोआप बाहेर राहतात.

पहिली फेरी नावे झाकून व्हावी. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकासाठी १९८१ मध्ये १,४२१ प्रवेशिका आल्या. परीक्षकांपुढे नावे नव्हती, नुसते क्रमांक होते. त्यांनी निवडलेली १०२६ क्रमांकाची प्रवेशिका निघाली माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीची. नाव आणि वय आधी कळले असते, तर तिच्या कागदाकडे परीक्षकांचे लक्ष कितपत गेले असते? जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत तर सगळे सगळ्यांना ओळखतात. कोण कोणाच्या वॉर्डातला, कोण कोणत्या समाजाचा, कोणाच्या वाढदिवसाच्या फलकावर कोणाचा फोटो होता, हे परीक्षक खोलीत शिरण्याआधीच ठाऊक असते. क्रमांकांमागे झाकलेली नावे हा इथला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

परीक्षक मंडळात नगरसेवक असू नयेत, प्रायोजकाचा माणूसही नसावा. त्यांची जागा उद्घाटनाच्या व्यासपीठावर जरूर असावी. मंडळात दोन-तीन कलावंत, त्यांतला किमान एक खान्देशाबाहेरचा, एक रंगभूमीवरचा प्रकाशयोजनाकार, एक विद्युत अभियंता आणि शहराचा इतिहास जाणणारा एक माणूस पुरे. त्यांची नावे अर्ज मागवण्याच्या दिवशीच जाहीर व्हावीत. निवड झाल्यावर कोणाला का घेतले, याची दोन-दोन ओळींची कारणे संकेतस्थळावर टाकावीत आणि ज्यांना नाकारले त्यांनाही ती कळवावीत.

मोकळीक दिली म्हणजे तपासणी सोडली, असे होत नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला छत्रपती शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. इतक्या उंच पुतळ्याचा अनुभव नसलेल्या हाती काम कसे गेले, हा प्रश्न तेव्हा राज्यभर विचारला गेला. नव्या पुतळ्याचे काम पुढे गेले ते धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरला जन्मलेल्या राम सुतार यांच्या संस्थेकडे. प्रकाशकलेतही गर्दीच्या डोक्यावर टांगलेला सांगाडा, ओल्या जमिनीवरून गेलेली केबल आणि जनरेटर असतो. म्हणून कल्पना निवडल्यावर तिला अनुभवी अभियंत्याची जोड महापालिकेने स्वतःच्या खर्चाने द्यावी आणि त्याच्या सहीवाचून कळ दाबली जाऊ नये. नवखेपणामुळे कल्पना नाकारणे चूक, आणि नवख्याला एकट्याला सोडून देणे त्याहून मोठी चूक.

काही जागांना निवडीतच हात लावू नये. मेहरूण तलावावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. त्या पाण्यावर झोत टाकणारी कल्पना कितीही देखणी असली तरी ती नाकारावी. झाडांना खिळे ठोकून माळा बांधण्याचेही तेच.

उत्सव पहिल्या वर्षी मोठा नसला तरी चालेल. जळगावात पाच जागा, धुळ्यात पाच, तीन रात्री आणि दहा कलावंत, त्यांतले निम्मे खान्देशातले. दोन्ही शहरांनी एकच परीक्षक मंडळ नेमले तर खर्च वाचेल आणि स्थानिक दबावही कमी होईल, कारण धुळ्याच्या नेत्याचा शब्द जळगावात चालत नाही आणि जळगावच्या नेत्याचा धुळ्यात. दोन्ही महापालिकांनी पुढच्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि अर्ज मागवणाऱ्या पहिल्या जाहिरातीतच मानधनाचा आकडा आणि परीक्षकांची नावे छापावीत. यांतली एक जरी गोष्ट जाहिरातीत नसेल, तर दोन्ही शहरांतल्या कलावंतांनी अर्ज भरण्याआधी आयुक्तांकडे ती लेखी मागावी.