व्हर्जन कुठलं रे?

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. बाहेर पनवेलचा पाऊस धो धो कोसळतोय, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि लॅबमध्ये शेजारच्या पीसीवर माझा पार्टनर वीस मिनिटं एकाच ओळीकडे बघत बसलाय. प्रोग्रॅम पायथनचा, सीनियरच्या जर्नलमधून जसाच्या तसा उतरवलेला. आधी प्रिंटला कंस नाही म्हणून एरर आला; कंस कसा घालायचा ते मशीननेच सांगितलं, याने घातला. मग गाडी अडली ती 'रॉ_इनपुट'वर. असं काही नावच माहीत नाही, म्हणे! स्पेलिंग तीनदा तपासलं. शेवटी हळूच म्हणाला, "जाऊ दे यार. मराठी मीडियमवाल्यांनी या भानगडीत पडायलाच नको होतं."

मित्रांनो, चूक त्याची नव्हती आणि मीडियमची तर नव्हतीच नव्हती. जर्नल पायथन २ चं होतं आणि मशीनवर पायथन ३. 'रॉ_इनपुट' हे नाव नव्या पायथनने काढून टाकलं आणि त्याचं काम नुसत्या 'इनपुट'कडे दिलं. हा बदल कालपरवाचा नाही बरं का! पायथन ३.० आलं ३ डिसेंबर २००८ ला. लोकांना जुने प्रोग्रॅम बदलायला वेळ मिळावा म्हणून पायथन २ ला मुदत दिली होती २०१५ पर्यंत, ती वाढवून २०२० केली, आणि १ जानेवारी २०२० ला जुन्याचा सपोर्ट बंद झाला. जगाला अकरा वर्षं मिळाली. आमच्या जर्नलला तीही पुरली नाहीत, कारण ते कोणी लिहीतच नाही. ते फक्त झेरॉक्स होतं.

आमच्या आधीच्या कितीतरी बॅचेस टर्बो सी++ च्या निळ्या स्क्रीनवर शिकल्या. डॉसच्या जमान्यातलं ते सॉफ्टवेअर, सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं १९९८ मध्ये, त्याच्याही आधीचं. नवीन विंडोजवर ते सरळ चालेना, तर आपण डॉसबॉक्स घातला आणि त्यातून चालवलं. (जुगाड म्हणून शंभर पैकी शंभर!) पण टर्बोत 'इंट' १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ च्या वर गेलात की संपलं. ८ चा फॅक्टोरियल ४०३२०. टर्बोत साध्या 'इंट'मध्ये काढलात तर उत्तर येतं उणे २५२१६! तोच प्रोग्रॅम आजच्या जीसीसीवर बरोबर उत्तर देतो. आता सांगा, व्हायवाला 'इंट किती बाइटचा?' असं विचारलं तर २ म्हणायचं की ४? खरं उत्तर आहे, 'सर, कंपायलर कुठला?' पण असं उलट विचारायची कोणाची टाप आहे!

मला तर वाटतं, कुठल्याही भाषेच्या नव्या रिलीजमध्ये सगळ्यात वाचण्यासारखं काही असेल तर ते 'काय काढलं' आणि 'अजून काय नीट चालत नाही' हे. नवीन फीचर्सचं कौतुक काय, कोणीही करेल. पायथन ३.१३ चं बघा. तारीख ठरली होती १ ऑक्टोबर २०२४. ती तोंडावर आली तेव्हा लक्षात आलं की नव्या पद्धतीच्या गार्बेज कलेक्टरमुळे काही प्रोग्रॅम हळू होतायत. त्यांनी तो काढला, जुनाच परत बसवला, एक जास्तीचा रिलीज कँडिडेट काढला आणि ७ तारखेला रिलीज केलं. आणि हे सगळं उघडपणे सांगून! पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ३.१४ आलं. त्यात ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते बिन-जीआयएलचं पायथन, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेड खरोखर चालवणारं, अधिकृतपणे मान्य झालं. पण सोबत हेही लिहिलंय की हे वेगळं बिल्ड आहे, एकाच थ्रेडचा प्रोग्रॅम त्यात साधारण ५ ते १० टक्के हळू चालतो, आणि तयारी नसलेलं एखादं सी एक्स्टेंशन इंपोर्ट केलंत तर जीआयएल आपोआप परत चालू होईल.

आता आपल्या जर्नलमधलं कन्क्लुजन आठवा. 'अशा प्रकारे आपण अमुक प्रोग्रॅमचा यशस्वीरीत्या अभ्यास केला.' दहा प्रयोग, दहा वेळा यशस्वी. इस्रोलासुद्धा एवढा सक्सेस रेट जमलेला नाही!

असो. त्या दिवशी आम्ही 'रॉ' खोडलं आणि प्रोग्रॅम चालला. प्रयोग होता पॅलिंड्रोमचा. 'मॅडम' दिलं, इंग्रजीत अर्थातच, पॅलिंड्रोम. मग पार्टनरच्या डोक्यात आलं, मराठीत देऊन बघू. टाइप केलं 'रामालाभालामारा', लहानपणापासून सगळ्यांनी उलटसुलट म्हटलेलं. उत्तर आलं : पॅलिंड्रोम नाही. पुन्हा त्याचा चेहरा पडला. पण यावेळी आम्ही सोडलं नाही. 'पनवेल' दिलं आणि लांबी विचारली. आपण वाचतो चार अक्षरं, पायथन म्हणालं ५. कारण 'वे'मधला व वेगळा मोजला आणि मात्रा वेगळी. उलटं करायला सांगितलं तर मात्रा लवर जाऊन बसली, 'लेवनप'! 'रामाला'चं तेच. उलट केल्यावर ओळ सुरू होते ती नुसत्या कान्याने, मग जुळणार कशी?

गंमत म्हणजे ज्या पायथन ३ ने त्याचं जर्नल मोडलं त्यानेच आपल्या लिपीला घरात घेतलं. पायथन २ च्या साध्या स्ट्रिंगला युटीएफ-८ मधलं 'पनवेल' दिलं तर ते १५ म्हणायचं, नुसते बाइट मोजायचं. ३ मध्ये स्ट्रिंग युनिकोड झाली, आज व्हेरिएबलचं नावसुद्धा देवनागरीत चालतं. पंधरावरून पाचावर आलो, चारावर मात्र अजून नाही. स्विफ्टमध्ये हेच मोजलं तर ४ येतात, म्हणजे अशक्य काही नाही.

काही सर म्हणतात, व्हर्जन काय बदलतच राहणार, कन्सेप्ट पक्के करा. अर्धं पटतं. सिलॅबस काही वर्षांनी एकदा बदलतो, पायथन दर ऑक्टोबरला. सरांनी तरी कुठं कुठं धावायचं? पण प्रत्येक प्रयोगाच्या डोक्यावर भाषा, व्हर्जन आणि तारीख अशी एक ओळ लिहायला सिलॅबस बदलावा लागत नाही. ती ओळ असती तर माझ्या पार्टनरची वीस मिनिटं वाचली असती. वीस मिनिटांचं काही नाही हो, पण त्या वीस मिनिटांत त्याने स्वतःबद्दल जे ठरवून टाकलं होतं त्याचं काय?

त्याने कन्क्लुजनमध्ये लिहिलं, 'पायथन ३ वर प्रोग्रॅम इंग्रजीसाठी चालला. रामाला भाला मारा यासाठी चालला नाही, कारण मात्रा वेगळी मोजली जाते.' जर्नल चेकिंगला गेलं आणि परत आलं. कन्क्लुजन असं लिहीत नाहीत, पान पुन्हा लिहून आणा. आणलं. यशस्वीरीत्या.

जुनं पान मात्र त्याने फाडलं नाही. यंदा ज्युनिअर जर्नल मागायला आला तेव्हा ते आत घडी घालून ठेवलं होतं.