थांबण्याचाही सराव हवा

पोटाचा जुनाट आजार असलेल्या माणसाने लांब पल्ल्याचं धावावं, पोहावं, सायकल चालवावी का, याबद्दल आपल्याकडे दोन ठाम मतं ऐकू येतात. घरचे म्हणतात, ‘आधी पोट सांभाळ, मॅरेथॉन कसली करतोस!’ धावणाऱ्यांच्या ग्रुपमधले सोबती म्हणतात, ‘सगळे मनाचे खेळ, पळायला लागलास की विसरशील.’ पहिलं मत मायेपोटी येतं, दुसरं उत्साहापोटी. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींनी माणसांचं नुकसान होतं, असं माझं म्हणणं आहे.

इथे मी मुख्यतः अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आजारांविषयी बोलतो आहे. यांत आतड्याला सूज येते, जखमा होतात, दिवसातून कितीतरी वेळा शौचाला जावं लागतं. रक्त पडू शकतं, वजन उतरतं. औषधांनी आजार वर्षानुवर्षं शांत राहू शकतो आणि मग एकाएकी उसळतो. शांत काळ वेगळा, उसळीचा काळ वेगळा. वरच्या दोन्ही मतांना हा फरक ठाऊकच नसतो आणि त्यांची चूक तिथूनच सुरू होते.

आधी घरच्यांचं मत घेऊ. त्याला चोख उत्तर ब्रिटनचे नौकापटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांच्या कारकिर्दीत आहे. 1984 आणि 1988 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेल्या रेडग्रेव्हना 1992 मध्ये, बार्सिलोनाच्या स्पर्धेआधी, अल्सरेटिव्ह कोलायटिसचं निदान झालं. नौकानयनाची शर्यत सहा-सात मिनिटांत संपते, पण तिच्या तयारीसाठी वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास घाम गाळावा लागतो. रेडग्रेव्हनी मॅथ्यू पिन्सेंट यांच्या साथीने 1992 आणि 1996 ची सुवर्णपदकं जिंकली. 1997 मध्ये मधुमेहाचंही निदान झालं, तरी 2000 साली सिडनीत, वयाच्या 38 व्या वर्षी, त्यांनी सलग पाचव्या ऑलिंपिकमधलं सुवर्णपदक मिळवलं. अमेरिकेच्या कॅथलीन बेकरने क्रोन्सचा आजार असताना 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 100 मीटर बॅकस्ट्रोकचं रौप्यपदक जिंकलं.

ही जगावेगळी माणसं, त्यांचं सामान्यांना काय, असं कुणी म्हणेल. त्यांची पदकं जगावेगळी आहेत हे खरं, पण व्यायामाचा लाभ चारचौघांसारखाच आहे. या आजारांत सुजेमुळे आणि स्टेरॉइडसारख्या औषधांमुळे हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, स्नायू झडतात, थकवा पाठ सोडत नाही. चालणं, धावणं, वजन उचलणं या तिन्ही तक्रारींवर उपयोगी पडतं. शिवाय आजार शांत असताना बेताने केलेल्या व्यायामामुळे तो उसळतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मग अशा माणसाला सरसकट घरी बसवणं म्हणजे एका आजारात दुसऱ्या दुबळेपणाची भर घालणं.

आता सोबत्यांचं मत. ‘खरा खेळाडू थांबत नाही’ हे वाक्य शरीरशास्त्रापुढे टिकत नाही. जोरकस व्यायामात रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं. पोटातल्या अवयवांचा रक्तपुरवठा अशा वेळी 80 टक्क्यांपर्यंत घटू शकतो. त्यामुळे निरोगी धावपटूच्याही आतड्याचं अस्तर दुखावतं, मळमळ होते, पोटात कळा येतात, जुलाब होतात. मग ज्याच्या आतड्याला आधीच जखमा आहेत, त्याने उसळीच्या दिवसांत जिद्दीने पळणं हे कसलं शौर्य? जुलाबाने पाणी आणि क्षार आधीच गेलेले असतात. वर उन्हातला घाम. यात मूत्रपिंडांवर ताण येतो, उष्माघात होऊ शकतो. विषाणूसंसर्गाचा ताप अंगात असताना धावणं तर हृदयाच्या स्नायूला महागात पडू शकतं. कळ दाबायला इब्युप्रोफेनसारखी गोळी घेऊन पळण्याची सवय आणखी घातक. ती आतड्याचं अस्तर सोलते, मूत्रपिंडांना त्रास देते आणि शांत आजार जागाही करू शकते.

सोबत्यांच्या मताच्या बाजूने सायकलपटू टॉम ड्युमूलाँचं उदाहरण दिलं जाऊ शकतं. 2017 च्या जिरो दि इटालिया सायकल शर्यतीत सोळाव्या टप्प्यावर त्याचं पोट बिघडलं, तरी शेवटी तो जिंकला. पण त्या दिवशी घडलं काय? अंगावर आघाडीची गुलाबी जर्सी, प्रतिस्पर्धी पुढे निघालेले आणि हा सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला बसला. त्या टप्प्यात त्याने दोन मिनिटांहून जास्त वेळ गमावला आणि मिलानला 31 सेकंदांच्या फरकाने शर्यत जिंकली. धावपटू पॉला रॅडक्लिफही 2005 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये, कॅमेरे रोखलेले असताना, अशीच थांबली आणि 2 तास 17 मिनिटं 42 सेकंदांत जिंकली. दोघंही थांबली होती. शिवाय त्यांचं बिघडणं त्या दिवसापुरतं होतं. जुनाट आजाराचा दाखला हवा असेल तर तो मँचेस्टर युनायटेडकडून खेळलेल्या फुटबॉलपटू डॅरेन फ्लेचरचा घ्यावा. कोलायटिसमुळे तो 2011 च्या डिसेंबरपासून मैदानाबाहेर राहिला, परतला, 2013 मध्ये शस्त्रक्रियेसाठी पुन्हा थांबला, पुन्हा परतला आणि 2015 मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा कर्णधार झाला. न थांबता त्याला हे साधलं नसतं.

एक तिसरा भ्रमही खोडून काढायला हवा. पळायला लागल्यावर बरं वाटतं, म्हणून काही जण मनानेच औषधं बंद करतात. बरं वाटण्यात त्या औषधांचाही वाटा असतो, हे उसळी आल्यावर कळतं.

मग करायचं काय? शर्यतीच्या तयारीत जसं अंतर आणि वेग ठरवतो, तसं थांबणंही आधीच ठरवावं. ताप, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, लघवी कमी होणं, उभं राहिल्यावर चक्कर, यांपैकी काहीही असलं की त्या दिवशी सराव नाही. हा निर्णय पहाटे बूट बांधताना भावनेच्या भरात करायचा नसतो, तो डॉक्टरांशी बोलून आधीच कागदावर उतरवायचा असतो. परतताना निम्म्या अंतरापासून सुरुवात करावी. हिमोग्लोबिन आणि लोह वेळोवेळी तपासावं, कारण रक्त गेलं की दम आधी जातो. शर्यतीत काय खायचं ते सरावात पोटाला शिकवावं, नवा पदार्थ त्या दिवशी तोंडात घालू नये.

पाण्याचंही तसंच. जुलाबानंतर नुसतं पाणी पीत राहिल्याने भागत नाही. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजच्या द्रावणाने कॉलराचे असंख्य रुग्ण वाचवले. ग्लुकोज आणि सोडियम आतड्यातून जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं, या तत्त्वावर ते द्रावण उभं आहे. खेळाडूंची महागडी पेयंही याच तत्त्वाचा आधार घेतात. अशाच द्रावणाचं, म्हणजे ओआरएसचं, साधं पाकीट पोटाच्या रुग्णाने धावतानाच्या कमरपट्ट्यात कायम ठेवावं.

पण सगळा भार एकट्या रुग्णावर टाकून चालणार नाही. मुंबई मॅरेथॉन असो, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन असो की गावोगावच्या लहान शर्यती, मार्गाच्या नकाशावर स्वच्छतागृहं पाण्याच्या टेबलांइतकीच ठळक दाखवलेली असावीत. बायकांसाठी तर त्यांच्यावाचून लांब पल्ल्याचा सरावच अवघड होतो. आजारामुळे माघार घेऊन डॉक्टरांचं प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला पुढच्या वर्षीची जागा मिळावी. प्रशिक्षकाला ‘आज पोट ठीक नाही’ असं सांगताना कुणालाही लाज वाटू नये. आणि शर्यत अर्ध्यात सोडून आलेल्या सोबत्याला ‘का सोडलीस?’ असं विचारण्याआधी ‘आता बरं आहे ना? पुढची कुठली?’ असं विचारायला ग्रुपने शिकावं. या प्रश्नाच्या भरवशावर आजारी माणूस वेळेवर थांबेल, आणि वेळेवर थांबलेलाच पुन्हा पळायला येईल.