जांघेतल्या खाजेवरचे उलटे इलाज

मेडिकलच्या काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत एखादा तरुण घुटमळत राहतो आणि मग आवाज खाली आणून ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणतो. खाज जांघेत आहे, अंडकोशावर की लिंगाच्या टोकाशी, नुसती खाज की गोल चट्टा, हे दुकानदारही विचारत नाही. दोघांनाही तो व्यवहार लवकर उरकायचा असतो. पुरुषांच्या या दुखण्याचं निम्मं नुकसान या घाईतच होतं.

ट्यूबची बाजू घेणारे म्हणतात, दोन दिवसांत आराम पडतो, मग डॉक्टरची फी आणि कामाचा खाडा कशाला? आराम पडतो हे खरं आहे. पण तो कशाने पडतो? अशा अनेक ट्यूबांत बुरशीवरचं औषध, जीवाणूंवरचं औषध आणि क्लोबेटासॉलसारखं अतितीव्र स्टेरॉइड एकत्र कालवलेलं असतं. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, पण त्याचबरोबर बुरशीशी झुंजणारी त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतं. चट्टा फिका दिसू लागतो आणि बुरशी मात्र मांड्या, कंबर, कुल्ले असं पसरत जाते. ट्यूब थांबवली की खाज आणखी जोरात उसळते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. काही महिन्यांत जांघेतली कातडी पातळ होते आणि बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे वळ उमटतात. ते पुढे फिकट होतात, पण पुरते जात नाहीत.

शिवाय ही जागाच नाजूक. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून पाहिलं, तेव्हा हाताच्या त्वचेच्या तुलनेत अंडकोशाच्या त्वचेतून ते सुमारे ४२ पट शोषलं गेलं. आणि हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड! क्लोबेटासॉल त्याच्या कितीतरी पट तीव्र.

सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. त्याच वर्षी ३२८ औषधमिश्रणांवर बंदी घातली, त्यात अशी काही मलमंही होती. तरीही चिठ्ठी न मागता ट्यूब हातावर ठेवली जाते, हा सरळसरळ गुन्हा आहे आणि त्याला गुन्हाच म्हटलं पाहिजे. दरम्यान बुरशीही बदलली. भारतात आणि नेपाळमध्ये फोफावलेल्या एका चिवट बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव मिळालं. टर्बिनाफिन हे एके काळचं हमखास औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ यामागच्या कारणांत स्टेरॉइडच्या गैरवापराचं नाव ठळकपणे घेतात.

दुसरा समज याहून जुना: खाज सुटली म्हणजे अंगावर घाण आहे. मग अंघोळीच्या बादलीत जंतुनाशक, दिवसातून तीनदा साबण, वर खास पुरुषांसाठीचा सुगंधी वॉश. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते आणि अंघोळीचा साबण अल्कधर्मी. घासून घासून तिचं संरक्षक आवरण निघून जातं आणि आग होऊ लागते. ती आग घाणीची समजून माणूस आणखी घासतो. लिंगाच्या टोकाला येणारी सूज कित्येकदा केवळ साबणाने आलेली असते.

खरं तर दिवसातून एकदा कोमट पाणी पुरतं. पुढची कातडी सहज सरकेल तेवढी मागे घ्यावी, आतला पांढरा थर नुसत्या पाण्याने धुवावा, टिपून कोरडं करावं आणि कातडी आठवणीने पुन्हा पुढे आणावी. ती मागेच अडकून सूज आली तर तातडीने दवाखाना गाठावा लागतो. लहान मुलांची कातडी जोर लावून मागे ओढू नये. जांघ कोरडी ठेवणं हे धुण्याइतकंच महत्त्वाचं. पावसाळ्यात दोरीवर अर्धवट वाळलेली चड्डी तशीच चढवून आठ-दहा तास दुचाकीवर काढणाऱ्याची जांघ बुरशीला आयतीच मिळते. चड्डी सुती आणि सैल असावी, दमट दिवसांत तिच्यावर इस्त्री फिरवावी. होस्टेलच्या खोलीत एकच टॉवेल चौघांत फिरत असेल तर एकट्याने औषध लावून उपयोग नाही.

फीचा मुद्दा मात्र खोटा नाही. त्यावर उत्तर सरकारी रुग्णालयांत आहे: पुण्याचं ससून असो की मुंबईचं जे.जे., तिथे त्वचारोगाची ओपीडी आहे. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी आहे का ते बहुधा कळतं. असली तर औषध काही आठवडे चालतं आणि चट्टा दिसेनासा झाला म्हणून ते मध्येच सोडायचं नसतं. खाज रात्री वाढत असेल आणि घरातले इतरही खाजवत असतील तर ती खरूज असू शकते, मग उपचार सगळ्या घराला एकदम करावे लागतात. आणि चाळिशीतल्या माणसाच्या लिंगाच्या कातडीला वारंवार चिरा पडत असतील, ती मागे सरकेनाशी झाली असेल, तर मलम शोधण्याआधी रक्तातली साखर तपासावी. मधुमेह पहिल्यांदा लक्षात येतो तो कधीकधी याच तक्रारीतून.