बाबांचं ड्युएट

परवा आत्याचा फोन आला. गुडघेदुखी, आंब्याचे भाव, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, हे सगळं यथासांग झाल्यावर ती मुद्द्यावर आली. "दादाचं परत चालू झालंय वाटतं. तू जरा समजावून सांग गं त्याला. या वयात बरं दिसत नाही."

दादा म्हणजे माझे बाबा. वय ७४, मुक्काम डोंबिवली. आणि बरं दिसत नाही ते काय, तर बाबा दर गुरुवारी दुपारी कराओके ग्रुपमध्ये गाणी म्हणायला जातात. एकटे म्हणत होते तोवर कुणाची हरकत नव्हती, उलट "काकांनी छान मन रमवलंय" असं सगळे म्हणायचे. पण गेल्या दिवाळीच्या सुमारास ते ड्युएट म्हणायला लागले, ग्रुपमधल्या एका काकूंबरोबर. त्याचा व्हिडिओ कुणीतरी टाकला, तो फिरत फिरत आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर आला आणि खाली डोळा मारणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. एका भावाने लिहिलं, "काका जोरात आहेत!"

आई जाऊन मार्चमध्ये तीन वर्षं झाली.

असो. तर आज कव्हर साँग या विषयावर लिहायचं ठरवलंय. आत्याच्या फोनचा त्याच्याशी काय संबंध ते पुढे येईलच, जरा धीर धरा. :)

लहानपणी आमच्याकडे टेपरेकॉर्डर आला तेव्हा कॅसेट घेताना बाबांचा हिशोब सरळ होता. एचएमव्हीच्या कॅसेट महाग, टी-सीरीजच्या स्वस्त. गाणी तीच. मग स्वस्त ती घ्यायची. त्यामुळे रफीची निम्मी गाणी मी सोनू निगमच्या आवाजात पाठ केली आणि लताची कितीतरी अनुराधा पौडवालच्या. मला वेगळं काही आहे हे माहीतच नव्हतं. सातवीत असताना एका मैत्रिणीकडे गेले होते. तिथे रफीची कॅसेट लागली होती आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, "हा कोण गातोय? आमच्या कॅसेटमध्ये याहून वेगळा आहे." तिचे वडील खो खो हसले. म्हणाले, "अगं, तुमच्याकडची डुप्लिकेट. हा खरा रफी." डुप्लिकेट हा शब्द त्यांनी अगदी सहज वापरला, पण मी तो घरापर्यंत बरोबर नेला. त्या संध्याकाळी बाबांनी कॅसेट लावली तर मी बंद कर म्हणून हट्ट धरला. कारण सांगितलं नाही. बाबांना ते कळलं असावं असं आता वाटतं, कारण पुढच्या पगाराला एचएमव्हीची एक कॅसेट घरात आली.

त्या कॅसेटवर मोठा फोटो सिनेमातल्या नट-नट्यांचा असायचा आणि खरं गाणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात कुठेतरी, तेव्हा फसायला व्हायचंच. पण हा सगळा धंदा बेकायदेशीर होता असा माझा कित्येक वर्षं समज होता, तो मात्र चुकीचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच तशी सोय होती. गाणं ध्वनिमुद्रित झाल्यावर काही काळाने, मूळ मालकाला नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून, दुसऱ्या कुणाकडून ते परत गाऊन घेता यायचं. थांबायचा काळ तेव्हा दोन वर्षं होता. २०१२ साली कायदा बदलला. आता मूळ मुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, दर वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरावी लागते, आणि हे कव्हर व्हर्जन आहे असं वेष्टनावर स्पष्ट लिहावं लागतं. आधीच्या गायकाचं नाव किंवा फोटो छापायचा नाही. कायदा शहाणा झाला तोवर कॅसेटच संपल्या, हा भाग वेगळा.

पण त्या "डुप्लिकेट" कॅसेटमधूनच किती गळे पुढे आले बघा. सोनू निगम तिथूनच पुढे सरकला. कुमार सानूही आधी किशोरची गाणी गात होता, मग १९९० साली 'आशिकी' आला. आणि स्वतः लताबाईंनी १९९२ मध्ये 'श्रद्धांजली' काढलं, त्यात सैगल, रफी, किशोर, मुकेश अशा सगळ्यांची गाणी त्या गायल्या. त्याला कुणी डुप्लिकेट म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. म्हणजे दुसऱ्याचं गाणं गाणं हा गुन्हा नाहीच, कोण गातंय त्यावर ठरतं की ती नक्कल की आदरांजली! मैत्रिणीच्या घरी मला जे बोचलं ते रफीमुळे बोचलं नव्हतंच, आमच्या घरच्या पैशांमुळे बोचलं होतं.

आपल्या मराठीत तर हे मूळ-नक्कल प्रकरण आणखीच गमतीचं आहे. जुनी संगीत नाटकांची पुस्तकं काढून बघा. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी पदाचा नाहीतर बंदिशीचा उल्लेख असतो. उसनी चाल, आणि ती लपवायची नाही, उलट छापायची. गीतरामायण घ्या. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर ती ५६ गाणी झाली तेव्हा पात्राप्रमाणे वेगवेगळे गायक-गायिका होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लताबाई. पुढे बाबूजींनी एकट्याने सगळं गायलं आणि आपल्या घराघरात तेच पोहोचलं. चाल त्यांचीच होती हे कबूल. पण सीतेची आणि कौसल्येची गाणीही पुरुषाच्या आवाजात आपण मूळ म्हणून स्वीकारलीच ना? आमच्या आजीला तर दुसरा कुठला आवाज चालायचाच नाही. आणि 'कट्यार काळजात घुसली'. नाटक १९६७ चं, त्यात वसंतराव देशपांडे. सिनेमा आला २०१५ मध्ये, त्यात त्यांचा नातू राहुल गायला. तो बघताना माझ्या शेजारचे एक आजोबा मान हलवत होते आणि अधूनमधून "वसंतरावांची मजा नाही" असं पुटपुटतही होते. दोन्ही एकदम. शेवटी रुमाल काढून डोळे पुसले ते कुणासाठी, त्यांनाच ठाऊक.

आता मला सगळीच कव्हर आवडतात असं अजिबात नाही. हल्ली एक पद्धत आली आहे. गिटार घ्यायची, खोलीत अंधुक पिवळे दिवे लावायचे आणि मुळात उड्या मारणारं गाणं इतकं संथ करायचं की गायकाला ताप आलाय की काय वाटावं. ते नको वाटतं. तसंच आमच्या शेजारच्या सोसायटीतले एक गृहस्थ. दर शनिवारी गच्चीत स्पीकर लावून रात्री साडेअकरापर्यंत मुकेश. दहानंतर स्पीकर लावायला बंदी आहे, २००० सालापासूनचा नियम आहे, खाली तान्हं बाळ आहे. सांगायला गेलं की म्हणतात, तुम्हाला संगीताची आवड नाही. तिथे मी तक्रार करणाऱ्यांच्याच बाजूने आहे.

पण बाबा दुपारी चार ते सहा, बंद हॉलमध्ये गातात. तिथे तक्रार आवाजाची नाहीच.

कराओके हा जपानी शब्द. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्राचं लघुरूप. रिकामा वाद्यवृंद. गाण्यातला गळा काढून घेतलेला. हे मला कळलं ते बाबांच्याच घरी, जानेवारीत.

त्याआधी काय झालं ते सांगायला हवं. दिवाळीत तो व्हिडिओ आला तेव्हा सगळ्यात आधी बाबांना फोन करणारी मीच होते. आत्या नव्हे, मी. मी फार शहाणपणाने म्हटलं, "बाबा, तुम्ही सोलो म्हणा ना. ड्युएट कशाला? लोक उगाच बोलतात." बाबा म्हणाले, "बरं." एवढंच. नंतर मला काय हलकं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पुढचे दोन महिने बाबा गेलेच नाहीत. सोलोसुद्धा नाही. मला वाटत होतं थंडीमुळे घशाला त्रास होत असेल. जानेवारीत मी चार दिवस राहायला गेले. एका दुपारी मी आत आडवी झाले होते, बाबांना वाटलं झोपले. बाहेर त्यांनी मोबाइलवर ट्रॅक लावला, अगदी हळू. ते आपल्या ओळी म्हणायचे. मग बाईच्या ओळी यायच्या तेव्हा नुसतं वाजत राहायचं आणि ते गप्प. मग परत त्यांच्या ओळी. अख्खं गाणं तसं, अर्धं रिकामं.

मी बाहेर आले तर समोर आईची वही उघडी होती. आमच्या आईने लग्नाआधी रेडिओवरून गाणी उतरवून घेतली होती, दोनशे पानी वही आहे. रेडिओ थांबत नाही, त्यामुळे मध्ये मध्ये सुटलेल्या शब्दांच्या जागा कोऱ्या सोडलेल्या आणि गाणं पुन्हा लागलं की वेगळ्या शाईने भरलेल्या. काही कधी भरल्याच गेल्या नाहीत. आई स्वयंपाक करताना त्या वहीतली गाणी म्हणायची आणि बाबा पेपर वाचता वाचता पुरुषाची ओळ टाकायचे. चाळीस वर्षं हे चालू होतं. आम्ही त्याला गाणं म्हणतसुद्धा नव्हतो. "कुकरची शिट्टी झाली का" आणि "वीजबिल भरलंत का" हे त्यातच असायचं.

मी विचारलं, "बाबा, त्या काकूंना ही गाणी येतात का?"

म्हणाले, "येतात की. त्यांच्या मिस्टरांना आवाजच नव्हता, त्यामुळे त्यांना पण पहिल्यांदाच कुणी पुरुषाची ओळ म्हणणारं मिळालंय." आणि मग जरा थांबून, "तुझ्या आईची पट्टी खाली होती. यांची वरची. मला सुरुवातीला फार जड गेलं."

माझ्या डोक्यात आम्हा सगळ्यांचा हिशोब असा होता की आईच्या जागी कुणीतरी उभं राहतंय. बाबांच्या लेखी तसं काही नव्हतंच. त्यांना पट्टीचा फरक दर वेळी ऐकू येत होता. मूळ कुठलं आणि हे कुठलं याचा घोळ आमचा होता, त्यांचा नव्हता. आणि उद्या समजा त्या काकूंशी त्यांची गाण्यापलीकडे मैत्री झाली, दोघं स्टेशनजवळ डोसा खायला गेले, तरी त्यात आपण डोळा मारावा असं काय आहे? माझ्या ओळखीतल्या एका काकांनी बायको गेल्यावर सहा महिन्यांत दुसरं लग्न केलं तर "घर सांभाळायला बाई हवीच" म्हणून सगळ्यांना ते पटलं होतं. पोळ्या करायला बाई चालते, गायला चालत नाही. आणि त्या काकूंबद्दल जे बोललं जात असेल ते बाबांच्या दसपट असणार, हेही आपल्याला माहीत आहे. त्यांना मुलगे-सुना आहेत. त्यांच्याही घरी कुणीतरी फोन करून शहाणपण शिकवलं असेल.

मी बाबांना म्हटलं, गुरुवारी जा. ते म्हणाले, "बघू." तीन गुरुवार गेले नाहीत. चौथ्या गुरुवारी गेले. मी दिलेली परवानगी त्यांना नको होती हे मला तेव्हा कळलं नाही, आता थोडं कळतं. ते त्यांच्या वेळेला गेले.

आत्याला फोनवर हे सगळं सांगता आलं नाही, नुसतं "बघते" म्हटलं. म्हणून इथे लिहिलं, ती वाचते मला माहीत आहे. आत्या, तुझ्या लग्नात आई आणि बाबांनी मिळून गाणं म्हटलं होतं आणि आजोबा रागावले होते, चारचौघांत बायकोबरोबर गातो म्हणून. ही गोष्ट तूच मला सांगितली आहेस, हसून हसून.

ग्रुपचा कार्यक्रम येत्या रविवारी साडेचारला आहे. बाबांची दोन गाणी आहेत, एक सोलो आणि एक वहीतलं. त्या वहीतल्या गाण्यात एक शब्द आईने कोरा सोडलाय, तो काकूंनी भरला. आत्या, तू येणार असशील तर सव्वातीनची स्लो पकड, मी पूर्वेला जिन्याखाली थांबते.