'मी पाहिलेला पहिला चित्रपट' : निबंध मुलाचा हवा, गाईडचा नको



चौथी-पाचवीच्या निबंधांत दरवर्षी हमखास येणारा विषय म्हणजे 'मी पाहिलेला पहिला चित्रपट'. विषय सोपा वाटतो. पण वह्या तपासायला घेतल्या की असं वाटतं, सगळा वर्ग एकाच दिवशी एकाच थिएटरात एकाच रांगेत बसला होता! रविवार असतो, बाबांना सुट्टी असते, मध्यंतरात पॉपकॉर्न येतात, चित्रपटातून 'चांगला बोध' मिळतो आणि तो दिवस 'कायम स्मरणात' राहतो.

मी परळ भागातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांचे पालक कुणी वॉचमन आहेत, कुणी हॉस्पिटलात वॉर्डबॉय, कुणाची आई चार घरची कामं करते. "थिएटरात जाऊन पिक्चर कोणी कोणी पाहिलाय?" असं विचारलं की मोजकेच हात वर येतात. बाकीच्यांनी पिक्चर पाहिलेला असतो तो मोबाईलवर, टीव्हीवर, नाहीतर गणपतीत गल्लीत लावलेल्या पडद्यावर. मल्टिप्लेक्सला चौघांनी जायचं तर तिकीट आणि खाणं धरून त्या घरांचं महिन्याचं गणित बिघडतं. परवडणारी जुनी थिएटरं एकेक करून कमी झाली. दादरचं चित्रा २०१९ मध्ये बंद झालं. मग या मुलांच्या निबंधात पॉपकॉर्न आले कुठून? गाईडमधून.

माझ्या मते हा प्रश्न शुद्धलेखनापेक्षा मोठा आहे. थिएटरात कधीच न गेलेलं मूल जेव्हा गाईडमधला निबंध उतरवतं आणि त्याला दहापैकी आठ गुण मिळतात, तेव्हा ते दोन गोष्टी शिकतं. एक, निबंधात खोटं लिहिलेलं चालतं. दुसरी, आपल्या घरात जे खरंच घडतं ते वहीत लिहिण्यासारखं नसतं. मला या दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते. डी.एड.ला आपण सगळ्यांनी 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र पाठ केलंय. मग निबंधाच्या तासालाच त्याचा विसर का पडावा?

पहिल्या चित्रपटाचा अनुभव कसा सांगावा याचं उत्तम उदाहरण आपल्या गिरगावातच आहे. साधारण १९१०-११ सालची गोष्ट. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके, आपल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर हलणारे-चालणारे प्राणी पाहून भालचंद्र थक्क झाला. घरी येऊन त्याने ते आईला, सरस्वतीबाईंना सांगितलं. पण घरात कुणाचा विश्वासच बसेना! म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके घरच्यांनाही घेऊन गेले. ईस्टर असल्यामुळे त्या दिवशी प्राण्यांऐवजी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. तो पाहताना, आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील, हा विचार फाळक्यांच्या मनात आला.

पुढचा इतिहास पाठ्यपुस्तकात असतो. दादरला 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लोकांसाठी लागला. त्यात हरिश्चंद्राच्या मुलाचं काम याच भालचंद्रने केलं होतं. जिथे शूटिंग झालं तो दादर मेन रोड आज दादासाहेब फाळके मार्ग म्हणून ओळखला जातो.

या गोष्टीत शिक्षकाने घेण्यासारखं काय आहे? भालचंद्रने 'बोध' सांगितला नाही. ज्यांनी ते पाहिलं नव्हतं अशा माणसांना त्याने पाहिलेलं सांगितलं. त्यांना पटेना, तरी त्याच्या सांगण्यात एवढा जोर होता की दुसऱ्या दिवशी घरचे थिएटरात गेले. अनुभवलेखन म्हणजे हेच ना?

माझ्या स्वतःच्या बाबतीतही बघा. दुसरीत असताना आजी मला लालबागच्या भारतमाताला घेऊन गेली होती. पिक्चर कोणता होता, आज आठवत नाही. पण अंधारात बॅटरीचा गोल उजेड पाडत खुर्ची दाखवणारा डोअरकीपर आठवतो. खुर्चीची फळी आपोआप वर उचलली जायची म्हणून मी तिच्या टोकावर दाबून बसले होते, ते आठवतं. आणि एरवी घरात कुणापुढे न रडणारी आजी पदराने डोळे पुसत होती, तेही आठवतं. ओळखीचं कुणी बघत नसताना माणसं मोकळी होतात, हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं. हे गाईडमध्ये कसं सापडणार?

म्हणून माझ्या काही सूचना आहेत :

१) विषयाला पर्याय द्या. 'मी पडद्यावर पाहिलेली पहिली गोष्ट' असं म्हटलं की मोबाईलवर पाहणारं मूलही खरं लिहू शकतं. गल्लीत सतरंजीवर बसून पाहिलेला पिक्चरही मग निबंधात येतो.

२) आधी बोलू द्या, मग लिहायला सांगा. मुलांच्या जोड्या करा. ज्याने तो पिक्चर पाहिला नाही त्याला सांगायचं, आणि त्याने प्रश्न विचारायचे. बाजूला कोण बसलं होतं? भीती कधी वाटली? घरी आल्यावर पहिलं वाक्य काय बोललास?

३) घरच्या मोठ्यांना विचारायला लावा. गिरगावच्या मुलांना सांगा की १४ मार्च १९३१ रोजी आपल्या देशातला पहिला बोलपट 'आलम आरा' त्यांच्याच भागातल्या मॅजेस्टिकमध्ये लागला होता. आज ते नाव शॉपिंग सेंटरवर दिसतं. दादरच्या मुलांनी प्लाझा आणि कोहिनूरबद्दल विचारावं, लालबाग-परळच्या मुलांनी भारतमाताबद्दल. गिरणीची पाळी सुटल्यावर आजोबा पिक्चरला जायचे का, तिकीट किती होतं, कुणासोबत जायचे? 'परिसर अभ्यास' यात आपोआप होतो.

४) गुण देताना खऱ्या तपशिलाला गुण द्या. 'चांगला बोध मिळाला' या वाक्याला अर्धाही नको.

पालकांनाही एक विनंती. नमुना निबंध मांडणी समजून घेण्यासाठी असतो, उतरवण्यासाठी नाही. मुलाने लिहिलेलं वाक्य वेडंवाकडं असलं तरी लगेच खोडू नका. जमलं तर वर्षातून एकदा, सकाळच्या स्वस्त खेळाला का होईना, मुलाला मोठ्या पडद्यासमोर बसवा. शाळांनीही सहलीच्या यादीत एक बालचित्रपट घालायला हरकत नाही.

आणि एखाद्या मुलाने वहीत एवढंच लिहिलं, "मी अजून थिएटरात गेलो नाही. गेलो तर आईला सोबत नेईन," तर ती दोन वाक्यं पूर्ण निबंध समजून वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. बाकीची मुलं त्यानंतर गाईड मिटून ठेवतील.