गाडी नवी, पण माल तपासा

पावसाळ्यात नरपडच्या बांधांवर भुईआवळी आपोआप उगवते. कावीळ झाली की ती वाटून द्यायची, ही रीत डहाणू-तलासरीपुरती नाही, कोकणभर आहे. आता प्रयोगशाळाही अशा वनस्पतींकडे वळल्या आहेत. वनस्पतीतील द्रव्य पेशींनीच बनवलेल्या सूक्ष्म पिशव्यांत भरून यकृतापर्यंत पोहोचवायचे, असा हा विचार आहे.

विचार चांगला आहे. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पोटात घेतले तरी रक्तात फार थोडे उतरते. आपल्या पेशी एकमेकींना निरोप धाडण्यासाठी ‘एक्झोसोम’ नावाच्या पिशव्या सोडतात. त्या केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी लहान असतात. त्यांत भरलेले कर्क्युमिन अधिक टिकते आणि दाह अधिक कमी करते, असे २०१० मध्ये उंदरांवर दिसले. शिरेतून दिलेल्या अशा पिशव्या मोठ्या प्रमाणात यकृतातच जमा होतात, हाही फायदाच.

पण धोकाही तिथेच आहे. जी गाडी औषध पोहोचवते, ती विषही पोहोचवील. २०२०च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली. आयुष मंत्रालयाने हा संबंध अमान्य केला. वाद मिटो न मिटो, झाडपाला म्हणजे निरुपद्रवी असे धरून चालता येत नाही.

भुईआवळीचा इतिहासही हेच सांगतो. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बी विषाणूच्या ३७ वाहकांना ती दिली. २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. मोठी आशा निर्माण झाली, पण पुढच्या चाचण्यांत तसा गुण दिसला नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ तर बहुतेकांची आपोआपच बरी होते आणि श्रेय मुळीला मिळते.

म्हणून नव्या पिशव्यांवर पैसा खर्च करण्याआधी आत भरायचे द्रव्य माणसांवर, तुलनागट ठेवून तपासले पाहिजे. ‘नॅनो’ शब्द छापलेली बाटली हा पुरावा नव्हे. तोवर नरपडच्या रुग्णाला आज उपयोगी पडणाऱ्या गोष्टी साध्याच आहेत: वेळेवर रक्ततपासणी, विशेषतः गरोदर बाईची, उकळलेले पाणी, आणि बाळाला जन्मताच सरकारी रुग्णालयात मोफत मिळणारी हिपॅटायटिस बीची लस.